उघडा नळ

चिकलठाण्याच्या नव्या फ्लॅटमध्ये अक्षदा एम्युलेटरचा सोर्स कोड वाचत होती. जुन्या मशीनचं सोंग घेणारा प्रोग्राम तो. एका ओळीपाशी तिला हसू आलं. प्रिंटर जोडलेलाच नव्हता, तरी आत चालणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरनं विचारलं की कोड ‘तयार आहे’ सांगून मोकळा व्हायचा. तिनं ही गंमत आईला सांगितली. मेंढरं विकून लेकीच्या भरवशावर इथं आल्यापासून आई नळ उघडाच ठेवायची, खाली घागर. पाणी आलं की आवाज होईल म्हणून. “मग त्या बिचाऱ्याला खरं कुणीच सांगत नाय व्हय?” आई म्हणाली. “सांगितलं तर तिथंच बंद पडतं.” आई हसली नाही. सोसायटीचा पाइप मुख्य लाइनला जोडलेलाच नाही, हे बिल्डरच्या माणसाकडून अक्षदाला कालच कळलं होतं. घागर सरळ करत आईनं विचारलं, “आज यील ना पाणी?” “येईल,” सांगून अक्षदा मोकळी झाली.