चांगले दोन शब्द

बाईंनी पत्र डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं, मग खिडकीशी जाऊन पुन्हा वाचलं. शब्द तोच होता. नोटोरियस.

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता खरा, पण ‘कुप्रसिद्ध’ दिसावं इतका काही पिकला नव्हता. शिवाय छत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेलं.

समोर खुर्चीच्या कडेवर मावशी बसल्या होत्या. म्हाताऱ्या, आजारी माणसांची सोबत करणं हे त्यांचं काम. बाईंना सोमवारी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी भाचीकडे जायचं होतं आणि अंथरुणाला खिळलेल्या आक्काला, थोरल्या बहिणीला, चार दिवस सांभाळायला कुणीतरी हवं होतं.

“हे कुणी लिहून दिलं?”

“आधीच्या घरच्या आजोबांनी. एकटेच होते. मीच म्हटलं, माझ्यासाठी चांगले दोन शब्द लिहून द्या. त्यानंतर आठवड्याभरात गेले बिचारे.”

“तुम्ही वाचलंय?”

“मला कुठलं इंग्रजी येतंय, बाई?”

पत्र चार ओळींचं होतं. सेवा करणाऱ्यांत हिच्याइतकी नोटोरियस बाई मी पाहिली नाही. हिची ‘इन्फमी’, म्हणजे दुष्कीर्ती, हिच्या आधी घराघरांत पोचावी. जो हिला ठेवून घेईल, त्याने माझी आठवण ठेवावी.

बाई बुचकळ्यात पडल्या. निंदा म्हणावी तर सूर इतका शांत. कौतुक म्हणावं तर शब्द असले. अक्षर मोत्यासारखं, स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी. त्यांनी पत्र घडी करून परत दिलं.

“दोन दिवसांत कळवते.”

मावशींचा चेहरा पडला. “सगळे असंच म्हणतात. आधी चांगलं बोलतात, मग हे वाचतात, आणि दार लावून घेतात. चार घरं झाली. काय लिहिलंय त्यात? माझं काही चुकलं असेल तर सांगा तरी.”

तेवढ्यात आतून आक्काने पाण्यासाठी हाक मारली. बाई उठेपर्यंत मावशी आत पोचल्यासुद्धा. मानेखाली हात घालून त्यांनी आक्काला अलगद उठवलं, घोटाघोटाने पाणी पाजलं, उशी सारखी केली.

याआधीच्या तीन बायांना आक्काने आपल्या जिभेने पळवून लावलं होतं. ती म्हणाली, “हिचा हात मऊ आहे गं. तुझ्यासारखा खरखरीत नाही.”

मावशी गेल्यावर बाई बराच वेळ विचार करत बसल्या. त्यांना एक विद्यार्थी आठवला. मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभात त्याने ‘अवर नोटोरियस हेडमास्टर’ असं ठणकावून म्हटलं होतं आणि मुख्याध्यापकांनीच पहिली टाळी वाजवली होती. फेमसच्या आधी ‘इन’ लावलं की माणूस आणखी मोठा होतो, असं समजणारे तर वर्गात दरवर्षी निघायचे. म्हातारबुवाही त्यातलेच. मान द्यायला गेले आणि बिचारीची अब्रू घालवून बसले. चूक एकाची, शिक्षा दुसरीला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मावशींना बोलावून घेतलं.

“आजोबांचं इंग्रजी कच्चं होतं हो. लिहायचं होतं नामांकित, लिहिलं कुप्रसिद्ध.”

मावशी क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या. “अगं बाई! म्हणजे आजोबांनी वाटोळंच केलं की माझं!”

“आजपासूनच कामाला या. मी दुसरं पत्र देते. माझ्या सहीचं.” बाईंनी जुनं पत्र फाडून टोपलीत टाकलं.

नवं पत्र मात्र लवकर जमेना. ‘रिनाउन्ड’ फार मोठा, तो गवयांना शोभतो. ‘एमिनेंट’ न्यायाधीशांना. ‘एस्टीम्ड’ लिहिला तर बँकेची नोटीस वाटते. ‘रिस्पेक्टेड’ लिहून त्यांनी तोही खोडला.

“एका बाईला चांगली म्हणायला किती कागद फाडशील?” आक्काने पलंगावरून विचारलं.

“इंग्रजीत मानाच्या पायऱ्या फार आहेत, आक्का.”

“मग म्हाताऱ्याचा पाय घसरला असेल.”

दोघी बहिणी खूप दिवसांनी एकत्र हसल्या. मावशीही हसल्या, आणि आक्काचे पाय चेपत राहिल्या.

पत्र अर्धवटच राहिलं. सोमवारी बाई निघाल्या, मंगळवारी ऑपरेशन झालं. बुधवारी दुपारी डोळ्यावर पट्टी बांधलेल्या बाईंनी भाचीला वही घेऊन शेजारी बसवलं. त्या सांगणार होत्या, ती लिहिणार होती. पहिलं वाक्य तयार होतं. दुसऱ्याशी गाडी अडली, तेव्हा त्यांनी घरी फोन लावला.

“आक्का कशी आहे?”

“निजल्यात. आता अगदी शांत आहेत. तुम्ही डोळ्याला जपा, बाई. घाई करून येऊ नका.”

बाईंना हायसं वाटलं. “मावशी, तुमचं पत्र लिहून घेतेय. म्हटलं, त्यात आजोबांचाही मानाने उल्लेख करावा. चुकले, तरी मनाने चांगले होते. त्यांचा हुद्दा काय होता? नावापुढे घालते.”

भाचीने पेन सरसावलं.

“हुद्दा काही मला ठाऊक नाही,” मावशी म्हणाल्या. “पण शेवटपर्यंत टेबलाशी बसून लिहीत असायचे. जन्मभर इंग्रजीचे शब्दकोशच तयार केले म्हणे त्यांनी.”