सात सह्यांचं मंडळ

सात कप मांडून झाले आणि मग टेलरबाईच्या लक्षात आलं, की कप कोरडे ठणठणीत असून चालायचं नाही. तिनं प्रत्येकात चहा ओतला आणि प्रत्येकातला थोडा थोडा पिऊन टाकला. एका कपाच्या काठाला लिपस्टिकचा डाग लावला, कारण सतार वाजवणारी डॉक्टरीण लिपस्टिकशिवाय कुठं जायची नाही. सातव्या कपापर्यंत पोट तुडुंब भरलं. पण खोली मात्र अशी दिसायला लागली, की सात माणसं आत्ताच चहा प्यायलीत.

दार वाजलं.

दारात, कळवल्याप्रमाणे, महासंघाचे चिटणीस उभे होते. उंच, जरा वाकलेले, खांद्याला पिशवी, काखेत कागदांचं जाडजूड बाड. राज्यातल्या सगळ्या हौशी संगीत मंडळांचा हा महासंघ, आणि त्याचा एक नियम फार कडक. मंडळात सात वाजवणारे हवेत. सहा झाले की नाव यादीतून कमी. दरवर्षी अहवाल पाठवायचा, खाली सातांच्या सह्या.

टेलरबाई सह्या पाठवत होती. दुकानाच्या वरच्या खोलीत बसून, सात वेगळ्या पेनांनी. ढोलवाल्याची सही डाव्या हातानं करायची, कारण त्याचं अक्षर म्हणजे कोंबडी शाईत बुडून पळालेली. अहवालाला चिटणीसांचं उत्तर यायचं, दोन पानी, सुवाच्य अक्षरात. वर्षभरात तिला येणारं तेवढं एकच पत्र. नाव कमी झालं की तेही बंद.

"या, या! थोडक्यात चुकामूक झाली हो," ती म्हणाली. "सगळे आत्ताच गेले."

"सगळे?"

"डॉक्टरीणबाईंना पेशंट आला. ढोलवाला सासूला गाडीत बसवून द्यायला गेला. इतका खूश, की ढोल घेऊनच गेला. व्हायोलिनवाल्या बहिणींचं वाजलं. एक रुसून गेली, दुसरी तिची समजूत काढायला. आणि झांजवाल्या पोस्टमनला कुत्र्यानं धरलंय, कोपऱ्यावर अजून आरडाओरडा चालू असेल."

"आणि बासरीवाले?"

"त्यांची कवळी दुरुस्तीला टाकलीय. कवळीशिवाय फुंकर कुठं धरते? नुसतं फुस्स फुस्स."

चिटणीस खो खो हसले. "मागल्या अहवालात तळ्यात पडली होती तीच ना? माशाच्या पोटातून निघाली ती?"

"तीच मेली! माशानं चावून चावून दोन दात झिजवले."

हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि बाड तिच्यापुढे ठेवलं. "हा महासंघाचा इतिहास. लिहून झाला."

तिनं पानं उलटली. एकेचाळीस मंडळं, एकेचाळीस प्रकरणं. गिरणी कामगारांचं, नर्सेसचं, बेकरीवाल्यांचं, आंधळ्यांच्या शाळेतल्या मास्तरांचं. सुरुवात प्रत्येकाची निराळी, शेवटची ओळ मात्र तीच. 'सदस्य सातांपेक्षा कमी झाल्याने नाव कमी केले.' चाळीस वेळा तीच ओळ. एकाच प्रकरणाला ती नव्हती. तिच्या मंडळाच्या.

टेलरबाईनं बाड मिटलं. आला हा बाबा डोकी मोजायला.

"मग आता आमची मोजणी करणार का?"

"छे हो. मी राजीनामा दिलाय." चिटणीसांनी पिशवीतून एक मेंडोलिन काढलं. कोरं करकरीत, तारा अजून चकाकत होत्या. "चिटणीसानं कुठल्याच मंडळात वाजवायचं नाही, असाही एक नियम आहे. तेहेतीस वर्षं दुसऱ्यांच्या वाजवण्याच्या नोंदी केल्या. घरी बोलायला माणूस नाही. तुमचा अहवाल आला, की जेवताना मोठ्यानं वाचतो. मग पानाला आम्ही आठ जण असतो." त्यांनी मेंडोलिन मांडीवर नीट केलं. "मला आठवा म्हणून घ्याल का? अजून दोनच सूर येतात. पण त्यांना सांगा, मी शिकेन."

टेलरबाईच्या जिभेवर थाप तयार होती. पुढच्या रविवारी या, सगळे असतील. तेवढ्यावर हा माणूस आनंदानं घरी गेला असता आणि आठवडाभर वाट बघत बसला असता. तिनं त्यांच्या डाव्या हाताकडे पाहिलं. तारा दाबता याव्यात म्हणून नखं अगदी मुळापासून कापली होती, एका बोटाला रक्त साकळलं होतं.

थाप काही बाहेर पडेना.

"मी एकटीच आहे हो," ती म्हणाली. "डॉक्टरीण मुलाकडे राहायला गेली आणि तिकडेच वारली. बहिणी एकीमागून एक गेल्या. पोस्टमन गेला. ढोलवाल्याला जाऊन चार वर्षं झाली. सह्या मीच करते."

चिटणीस रागावले नाहीत. ते एकेका रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले, ओळखीचं माणूस शोधावं तसे. खाली रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं. मग त्यांनी हळूच विचारलं,

"बासरीवालेसुद्धा?"

"ते तर सगळ्यांच्या आधी गेले," टेलरबाई म्हणाली. "माझे यजमान ते. अकरा वर्षं झाली. यादीतून त्यांचं नाव काढायला हातच उचलेना, म्हणून राहू दिलं. मग तिथं एकटे पडतील म्हणून, जो जो गेला, त्याला त्यांच्या सोबतीला ठेवत गेले."