बोंब-चाचणी

फ्यूजने वायर उपटली आणि घड्याळाकडे पाहिलं. दहा वाजून चार मिनिटं. काळ्या खोक्यावरचा हिरवा दिवा विझला. आतला पंखा दोन गिरक्या जास्त घेऊन थांबला. कोणी ओरडलं नाही.

कंपनीच्या आयटी विभागातली ही जुनी रीत. एखादं यंत्र काय काम करतं हे कोणालाच सांगता येईना, तर ते सरळ बंद करायचं आणि कोण बोंब मारतं ते पाहायचं. पाचपर्यंत कोणी बोंबललं नाही, तर यंत्र भंगारात. दर शुक्रवारी काहीतरी गमतीचं शोधून आणून टेबलावर मांडायची टूमही इथलीच. या शुक्रवारची गंमत म्हणजे हे खोकं. कपाट सरकवलं तेव्हा भिंतीशी सापडलं, धुळीने माखलेलं, पण चालू. कागदपत्रं नाहीत, ओळखपाळख नाही. पहिली बोंब कुठल्या मजल्यावरून येणार, यावर फळ्यावर पैजा लागल्या होत्या. हरेल त्याने आठवडाभर कॉफी पाजायची.

फ्यूजला मात्र गंमत सुचत नव्हती. नोकरीच्या पहिल्याच दिवशी त्याने अख्ख्या मजल्याचा फ्यूज उडवला, तेव्हापासून वीस वर्षं साफसफाईच्या मावशींपासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्याला याच नावाने हाक मारत. ते हसण्यावारी गेलं. पण गेल्या वर्षी असंच एक यंत्र त्याने बिनकामाचं म्हणून बंद केलं आणि गोदामातला माल तीन दिवस गोदामातच बसला. तेव्हा त्याच्या फायलीत ताकिदीचं एक पत्र लागलं. दुसरं लागलं की घरी. आणि आजच्या फॉर्मवर, 'या यंत्रावर कोणीही अवलंबून नाही' या ओळीखाली, सही त्याचीच होती.

अकरा वाजले. बारा वाजले. फोन खणखणला की तो धावत जाऊन उचली. एक जण पासवर्ड विसरला होता, दुसरीच्या प्रिंटरमध्ये कागद अडकला होता. पायाला चाकं लावल्यासारखा तो सगळे मजले फिरून आला. टपालवाल्यांना विचारलं, काही बंद पडलंय का. ते म्हणाले, अजून नाही, पण तू आलायस तेव्हा पडेलच, जरा लांब उभा राहा. त्याने डबा उघडला आणि तसाच झाकला. विभागाच्या मॅडम म्हणाल्या, कोणी ओरडत नाही ही देवाची कृपा समज आणि दोन घास खा. पण माणसाचं मन मोठं नाठाळ. कोणी ओरडेल म्हणून ते भितं, आणि कोणीच ओरडत नाही म्हटल्यावर त्याहून जास्त भितं.

पावणेपाचला भंगारवाला हातगाडी घेऊन दारात उभा राहिला. फळा पुसला गेला. सगळेच हरले होते. तेवढ्यात कोपऱ्यातला जुना फोन वाजला. त्याचा नंबर आता कंपनीत कोणी फिरवत नसे.

बाईचा आवाज, थकलेला, संकोचलेला. "तिथं सगळं बरं आहे ना हो?"

मास्तरांच्या घरून फोन होता. ज्यांनी हा विभाग उभा केला, फ्यूजला वायर सोलण्यापासून सगळं हाताला धरून शिकवलं, ते मास्तर. त्यांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती. भेटायला येत जाईन, असं फ्यूज निरोपाच्या दिवशी म्हणाला होता. एकदाही गेला नव्हता.

मास्तरांच्या पत्नी, काकू, सांगत होत्या. मास्तर दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले. माणसं ओळखत नाहीत. काकूंनाही कधी ओळखतात, कधी नाही. पण उशाशी फोन असतो. त्यावर दर तासाला ऑफिसातून एक ओळ येते, सगळं ठीक आहे. काकू ती वाचून दाखवतात, मग 'पोरं सांभाळतायत' म्हणून ते डोळे मिटतात. आज सकाळपासून ओळ आली नाही. सकाळपासून ते बूट मागतायत. तोंडात घास नाही. दोनदा पलंगावरून उतरायला गेले आणि पडले.

"ओळ आली म्हणून मी खोटंच सांगितलं रे," काकू म्हणाल्या. "तर म्हणतात, फोन दाखव."

फ्यूजने वायर खोचली. खोकं घरघरलं. त्याला पडदा जोडून त्याने आतलं वाचलं. मास्तरांनी लिहिलेल्या जेमतेम दहा ओळी. यादीतल्या एकेका यंत्राला दर तासाला हाक मारायची. जे ओ देणार नाही, त्याचं नाव मास्तरांना कळवायचं. सगळ्यांनी ओ दिली, तर तसं कळवायचं. त्याने यादी उघडली. कोरी होती. जुनी यंत्रं भंगारात जात राहिली, तसतशी भंगाराच्या नोंदीवरून त्यांची नावं आपोआप पुसली गेली, आणि नवी कोणी घातलीच नाहीत. हाक मारायला कोणी नाही, म्हणून ओ न देणारंही कोणी नाही. आणि ते बिचारं खोकं रिकाम्या घराची खुशाली इमानाने कळवत बसलं होतं.

मॅडम त्याच्या खांद्यावरून वाचत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, म्हणजे कंपनीतलं कोणीच यावर अवलंबून नव्हतं, तू सुटलास. आता सही खोडलीस तर चूक कबूल केल्यासारखं होईल, दुसरं पत्र लागेल.

"लागू दे, मॅडम," फ्यूज म्हणाला आणि त्याने सही खोडली.

मॅडमनी तो कागद थोडा वेळ हातात धरला. मग चार घड्या करून पर्समध्ये टाकला आणि भंगारवाल्याला परत पाठवलं. फोनवर काकू सांगत होत्या, ओळ आली, घोटभर दूध घेतलं, आता डोळा लागतोय.

फ्यूजने त्या कोऱ्या यादीत एकच नाव घातलं, मास्तरांच्या उशाशी असलेल्या फोनचं. आणि ओ आली नाही तर कोणाला कळवायचं, तिथे स्वतःचा नंबर.