कुंभारणीचं घर

सज्ज्याखाली चिखलाच्या सहा नळ्या होत्या. पाच अख्ख्या, तोंडं लिंपलेली. सहावी अर्धी खरवडलेली. आत कोळ्यांचे वाळलेले पाय आणि एक मेलेली अळी. शिडीवर उभ्या असलेल्या लेकीनं त्या पुन्हा एकदा मोजल्या.

कुंभारीण माशीच. तिनं फोटोवरून ओळखली होती तीच.

गेल्या आठवड्यात बाबांनी फोटो पाठवून विचारलं होतं, "ही कोण गं बाई?" फोटो अंगणातून काढलेला, धूसर. "जवळून काढा बाबा, फोटोभर नळ्याच दिसू देत," असं तिनं कीटकांच्या प्रयोगशाळेतून कळवलं. दुसरा फोटो स्वच्छ आला. "कुंभारीण. गरीब असते, माणसाच्या वाटेला जात नाही. खुशाल खरवडून टाका." बाबा आईचं उलथनं घेऊन शिडीवर चढले. मानेवर डंख बसले, घसा सुजला, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

"सापडलं का काही?" काकांनी खालून विचारलं. शिडी त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. त्या दिवशीही त्यांनीच धरली होती. "मी म्हटलं होतं, दादा, अंगात काहीतरी जाड घाल. तर म्हणे, माझ्या लेकीनं सर्टिफिकेट दिलंय त्यांना, डसायची टाप नाही त्यांची! सगळ्या गल्लीला सांगत सुटला होता. घरात शिकलेलं माणूस असलं की हे असं."

"पुरे करा, भाऊजी," आई दारातून म्हणाली.

सज्ज्याला लागून पावसाच्या पाण्याचा पाइप खाली उतरत होता. लेकीनं मान वाकडी करून त्याच्या मागे पाहिलं. तिथे राखाडी, कागदासारखं पोळं एका देठाला लोंबत होतं आणि त्यावर गांधीलमाश्या दाटीनं बसल्या होत्या. एकीनं पंख उभारले. लेक श्वास रोखून एकेक पायरी खाली उतरली.

दिवेलागणीला, सगळ्या माश्या पोळ्यावर परतल्यावर, तिनं बाबांचा जाड कोट चढवला, डोक्याला जाळी गुंडाळली आणि लांबूनच फवारा मारला. काका लाल कागद लावलेला टॉर्च धरून उभे होते. लाल उजेड माश्यांना दिसत नाही, हे तिनं सांगितल्यावर त्यांनी नुसती मान हलवली.

सकाळी आई अंगणात आली. लेक फरशीवरच्या मेलेल्या माश्या केरसुणीनं एका जागी करत होती.

"ह्याच का?"

"ह्याच."

"आणि तू सांगितलेली?"

"ती वेगळी. ती अजून आहे तिथे. ती डसत नाही."

आईनं पदर तोंडाशी धरला. मग एकदम घाईनं म्हणाली, "म्हणजे तू चुकली नव्हतीस! भाऊजींना सांगते. बाहेर जे जे बोलतात ना, त्या सगळ्यांना सांगते. माझी पोर चुकली नव्हती."

"आई."

"काय?"

"पहिल्या फोटोत पाइप होता. मीच त्यांना जवळून काढायला सांगितलं."

आई तिच्या हातातली केरसुणी घेऊन स्वतः झाडू लागली.

लेक आतून शिवणाची टेप घेऊन आली आणि शिडीवर चढली. टेपचं एक टोक तिनं खरवडलेल्या नळीवर दाबून धरलं आणि दुसरं पाइपामागे, पोळ्याच्या देठापर्यंत नेलं.

सतरा सेंटिमीटर भरले.