तिसरा बुश

बुश पुन्हा डाव्या अंगानेच झिजला होता. भीमराजने तो दिव्याखाली धरून उलटापालटा करून पाहिला. करंगळीच्या पेराएवढी ही कडी. फियाटच्या स्टिअरिंगखाली गिअरची जी दांडी असते, ती हिच्याच आधाराने फिरते. कडी झिजली की दांडी लुळी पडते, गिअर पडत नाही. चालवणारा माणूस दांडी आपल्याकडे ओढतो, म्हणून बुश झिजायचा तर उजव्या अंगाने झिजतो, आणि तोही चार-पाच वर्षांनी. हा तीन महिन्यांतला तिसरा होता.

मरोळला औद्योगिक वसाहतीच्या मागे भीमराजचा गाळा होता. जुन्या फियाटचं स्टिअरिंग खोलावं तर भीमराजनेच, असं अंधेरीपासून मुलुंडपर्यंत बोललं जायचं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून मात्र त्याचं त्यालाच ते खरं वाटेनासं झालं होतं. मुलगी सपना तर रोज मागे लागलेली, की पप्पा, बस करा आता, हात पहिल्यासारखा राहिला नाही तुमचा. मागच्या खेपेला तो वैतागून बोलून गेला होता, की ही फियाट परत आली तर शटर कायमचं खाली.

फियाट परत आली होती. गाडीचे मालक नंदकुमार बाकड्यावर बसून चहा पीत होते. वय अठ्ठ्याहत्तर, बँकेतून निवृत्त, इस्त्रीचा शर्ट. डावा हात नेहमीसारखा पँटच्या खिशात. चहा घेताना तो बाहेर यायचा नाही, किल्ली देताना नाही. साहेबी थाट, दुसरं काय, असं भीमराज मनात म्हणायचा. शेजारी क्षमावहिनी. हल्ली प्रत्येक खेपेला त्या बरोबर असत. गाडी विकून टाका म्हणून मुलगा धवल टुमणं लावून बसला होता. गाडी गेली की आम्ही दोघं चार भिंतींत, असं वहिनी एकदा सहज बोलून गेल्या होत्या.

नंदकुमारांनी एका शब्दाने तक्रार केली नव्हती. भीमराजला तेच जास्त लागत होतं. चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. उलट तेच त्याची समजूत घालत, की वस्तू जुनी झाली, चालायचंच.

भीमराजने नवा बुश बसवला, ग्रीस लावलं आणि दांडी फिरवून पाहिली. चारही गिअर अलगद पडले. मागच्या दोन्ही वेळीही ते असेच पडले होते. तेव्हा त्याने एकट्यानेच गाडी फिरवून आणली होती आणि छाती फुगवून किल्ली परत केली होती. आज छाती फुगेना. आपलं काहीतरी चुकतंय हे त्याला कळत होतं, कुठे चुकतंय ते कळत नव्हतं. त्याने हात टेकले होते.

शेवटचा एक उपाय उरला होता. आज साहेबांनी गाडी चालवायची, आपण शेजारी बसून दांडीवर नजर ठेवायची.

नंदकुमारांनी आधी उन्हाचं निमित्त काढलं, मग चष्म्याचं. क्षमावहिनी लगबगीने उठल्या. पुढे त्या बसतील, भीमराजभाऊंनी मागे बसावं, मागूनही सगळं दिसतं, असं त्या सांगू लागल्या. भीमराज हटून बसला.

“वहिनी, आज मला एवढं बघू द्या. नाहीतर उद्यापासून हा गाळा मी उघडत नाही.”

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी नंदकुमारच उठले आणि गाडीत जाऊन बसले, भीमराज त्यांच्या शेजारी. क्षमावहिनी गाडीच्या पुढ्यात, रस्त्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातातला चहाचा ग्लास तसाच राहिला होता.

इंजिन घरघरलं. नंदकुमारांनी क्लच दाबला. भीमराजने मान वाकवून दांडीवर डोळे लावले. दांडी जागची हलली नाही. नंदकुमार समोर बघत होते, उजवा हात स्टिअरिंगवर घट्ट. डावा आता खिशाबाहेर आला होता आणि मांडीवर नुसता पडला होता. त्याची बोटं आत वळलेली होती. भीमराज दांडीवर डोळे लावून वाट बघत राहिला.

“क्षमा, पहिला,” नंदकुमार सवयीने बोलून गेले.

मग त्यांना कळलं. त्यांनी बाजूला पाहिलं नाही. क्लचवरचा पाय तसाच राहिला आणि चेहरा पार उतरला. काचेतून क्षमावहिनी दिसत होत्या. त्यांचा मोकळा उजवा हात आपोआप पुढे झाला होता आणि हवेतच थांबला होता.

भीमराजने दांडीवरची नजर काढली. माझा हात बिघडलेला नाही, हे आता सपनाला छातीठोकपणे सांगता आलं असतं. मग कोणाचा, असं तिने लगेच विचारलं असतं. धवलचा फोन नंबर तिच्याकडे होता.

गल्ली दुपारची रिकामी होती. तिच्या टोकाला वळायला जागा होती.

“त्या टोकापर्यंतच जायचं, साहेब. हळू,” तो म्हणाला, आणि हात लांब करून, आत्ताच बसवलेल्या नव्या बुशावर डाव्या अंगाने जोर देत, त्याने पहिला गिअर टाकला.