विरुद्ध कोण?

"अमेरिकेला सोलापूरचं मत कळलंच पायजे," सुभेदार तात्याबा म्हणाले आणि धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसू लागले.

माजी सैनिक संघाची सभा नवी पेठेत, चादरीच्या दुकानावरच्या खोलीत भरली होती. आणीबाणीचं वर्ष होतं. देशातल्या कशावरही ठराव करायची सोय राहिली नव्हती. महागाई सरकारी हिशेबानं संपली होती आणि पाण्याच्या टंचाईबद्दल बोलणं पोलिसांच्या कानाला बरं वाटत नव्हतं. ठरावाविना संघाचे हात शिवशिवत होते. तेवढ्यात पेपरात बातमी आली. अमेरिकेतल्या एका सार्जंटनं, आपल्याला बायका नाही, पुरुष आवडतात, असं वरिष्ठांना आपण होऊन सांगितलं होतं, आणि वर मला नोकरीतून काढू नका म्हणून तो भांडत होता. तिकडं त्यावरून रान पेटलं होतं. अमेरिकेवर बोलायला बंदी नव्हती. संघाला वीरश्री चढली.

चिटणीस धोंडीरामनं खाकरून ठराव वाचला. असली माणसं सैन्यात ठेवू नयेत. भारतीय सैन्यात असलं कुणी नव्हतं, नाही आणि नसेल, याचा या संघास अभिमान वाटतो.

"अनुमोदन कोण देतंय?"

"महिपती देतील की," मागून कुणीतरी म्हणालं. "पोरीकडं कदी मान वर करून बघितली न्हाय गड्यानं. मारुतीच्या खालोखाल ह्येच."

खोली हसली. महिपतीही हसला. कुठं हसायचं हे त्याला सरावानं कळत असे. "अनुमोदन," तो म्हणाला आणि खाली बसला.

समोरच्या भिंतीवर सिद्रामप्पाचा हार घातलेला फोटो होता. पलटणीत त्याला आणि महिपतीला 'जोडी' म्हणत, ते थट्टेनं. थट्टा खरी आहे हे त्या दोघांनाच ठाऊक होतं. थंडीत खंदकात सगळेच एका घोंगडीत झोपत. उन्हाळा लागल्यावर बाकीच्यांनी आपापली घोंगडी वेगळी केली, एवढाच काय तो फरक. एकाहत्तरच्या लढाईत सिद्रामप्पा पडला. त्याच्या बायकोला, रत्नम्माला, सगळ्या मैंदर्गी गावानं जवळ घेतलं. बायका तिच्या गळ्यात पडून रडल्या, पुढाऱ्यांनी भाषणं केली, चौकाला त्याचं नाव लागलं. महिपतीला दुसऱ्या दिवशी पहाटे पहारा लागला.

आता तो एका मिलच्या गेटवर पहारा करत होता. ती नोकरी तात्याबांनीच लावून दिली होती. कुंभारीच्या वाटेवर एक खोली होती, तिथं बोलायला स्टोव्ह होता. माणसांत बसायला जागा म्हणजे हा संघ, एवढीच. वर्षाकाठी सिद्रामप्पाच्या दिवशी तो मैंदर्गीला जाई. रत्नम्मा जेवू घाली आणि दर वेळी तेच विचारी, "शेवटाला त्येंच्या जवळ कोण व्हतं?"

"मी व्हतो."

"बरं झालं," ती म्हणे आणि त्याच्या भाकरीवर तूप वाढी. यापलीकडं त्यांच्यात कधी बोलणं झालं नव्हतं.

आज ती पुढच्या रांगेत बसली होती, डोईवरचा पदर सावरून. संघाचा एक नियम होता. लढाईत गेलेल्याचं सभासदत्व रद्द होत नसे. त्याच्या जागी त्याची बायको बसे आणि तिचा हात नवऱ्याचा म्हणून मोजला जाई. नियम फार उदात्त होता आणि त्याचा कुणाला त्रास नव्हता, कारण ठराव नेहमी एकमतानंच होत.

"अनुकूल?"

हात वर झाले. महिपतीनंही केला. फोटोकडं बघायचं त्यानं टाळलं. हात खाली घेतला तेव्हा दंडात कळ आली, बंदूक फार वेळ डोक्यावर धरायची शिक्षा झाल्यावर येते तशी.

"विरुद्ध कोण?" तात्याबांनी रिवाज म्हणून विचारलं आणि चहाचं सांगायला जिन्याकडं वळले.

रत्नम्माचा हात वर गेला.

बाईला मराठी नीट समजलं नाही, असं सगळ्यांनी मनोमन ठरवलं. धोंडीराम कानडीत म्हणाला, "अक्का, कै इळसरी." तरी हात खाली येईना. मग त्यानं मराठीत समजावलं, "अवो, ही विरुद्धची मोजणी हाय."

"कळतंय मला," रत्नम्मा म्हणाली. "हात माजा हाय. मत त्येंचं हाय. तुमचाच नेम हाय न्हवं?"

खाली दुकानात चादर झटकल्याचा आवाज आला. महिपती तिच्या पाठीकडं बघत राहिला. इतकी वर्षं तो एकटाच पहाऱ्यावर होता, असं त्याला वाटत आलं होतं.

"बरं, एक मत विरुद्ध," तात्याबा घाम पुसत म्हणाले. "घ्या लिहून."

"एक न्हाय, सुभेदारसाहेब," धोंडीराम म्हणाला. "दोन हायती."

सगळ्यांच्या माना वळल्या. तात्याबा माणूस वाईट नव्हता. त्यांनी वाट काढून दिली. "महिपतराव, तुमचा हात मगाचाच वर ऱ्हायलाय. घ्या खाली, उगं मोजणीत घोटाळा हुतोय."

"मगाचा घेतला व्हता खाली," महिपती म्हणाला. "ह्यो आत्ताचा हाय."