सत्तेचाळिसावं मिनिट

पडदा चारवर त्या संध्याकाळी अकरा प्रेक्षक होते. वाढदिवस साजरा करायला आलेला सात जणांचा घोळका, मोबाइलमध्ये डोकं घातलेलं एक जोडपं, ई-सातवर नीलम आणि अगदी मागच्या रांगेत विमलाबाई.

नीलमने वहीत लिहिलं: खेळ चोविसावा. त्याखाली: वि., खेळ चोविसावा. म्हणजे अजून बरोबरीच.

सिनेमा होता 'हाडांची शाळा'. रात्रीच्या शाळेत भुतांच्या पोरांना शिकवणारी सांगाड्याची बाई, हाडूताई, तिची गोष्ट. सगळा बाहुल्यांचा खेळ. बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायची. असे चोवीस फोटो झाले की पडद्यावर एक सेकंद सरतो.

नीलम काशीमिऱ्याला पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. पहिल्याच खेळाला तिला हाडूताईच्या गालावर कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा दिसला, आणि तेव्हापासून ती जी या सिनेमाच्या नादी लागली ती लागलीच. वहीत आता अशा त्रेसष्ट चुका होत्या, प्रत्येकीपुढे मिनिट आणि सेकंद. शेवटी काळ्या पडद्यावर 'बाहुल्या हलवणाऱ्या गिरिजाच्या आठवणीत' एवढीच ओळ यायची. ती वाचायला नीलमशिवाय कुणी थांबत नसे.

मीरा रोडच्या त्या थिएटरने स्पर्धा लावली होती. चार आठवड्यांत जो सर्वांत जास्त वेळा सिनेमा पाहील, त्याला चित्रीकरणात वापरलेली खरी हाडूताई. नाव नोंदवलं की रोजचा पास मिळायचा. अट एकच, शेवटपर्यंत बसायचं. बाकीचे आठ-दहा खेळांतच गळाले. नीलमने घरी टीव्हीशेजारची फुलदाणी हलवून जागा रिकामी केली होती. तेवीस सेंटिमीटर उंचीची, मापून.

राहिल्या होत्या विमलाबाई. साठीच्या, उत्तनजवळच्या पालीहून बसने येणाऱ्या. काखेत कापडी पिशवी. डाव्या भुवईत नखाएवढा पांढरा पट्टा, जन्मापासूनचा.

"आज पण आलात, मावशी?" खेळाआधी नीलमने विचारलं होतं.

"तू न्हाय आलीस?"

"तुमच्या वयाच्या बायका सिरियल बघतात."

"सिरियलीत नुसत्या रडतात गं. हितं मेलेली पोरं पण शाळंत जातात."

नीलमला हसू आलं. "खरं सांगा, तुम्हाला कुठला सीन आवडतो?"

"ती दिव्यापाशी बसते न्हाय का? वात विझायच्या आधी."

सत्तेचाळिसावं मिनिट. हाडूताईचा काळ्या काचेचा डोळा पडदाभर. त्या मिनिटाला नीलमच्या वहीत एकही नोंद नव्हती.

"त्यात काय आहे एवढं?"

"तवा पापणी लवू द्यायची न्हाय," विमलाबाई म्हणाल्या. "लवली, की खेळ फुकट गेला."

या बाईला आपल्याला न सापडलेलं काहीतरी सापडलंय, हे नीलमच्या डोक्यातून जाईना. म्हणून त्या दिवशी सत्तेचाळिसाव्या मिनिटाला तिने पडद्याऐवजी मागे वळून पाहिलं. विमलाबाई खुर्चीच्या टोकावर सरकल्या होत्या. पदर मुठीत. मग त्या उठल्या, पिशवी घेतली आणि दार ढकलून बाहेर गेल्या.

परत आल्या नाहीत.

सिनेमा संपल्यावर नीलमने दारावरच्या नीरजला गाठलं.

"त्या रोज अर्ध्यातून जातात?"

"रोज. साडेसातची उत्तनची बस असते ना त्यांची."

"आणि तरी तुम्ही त्यांचे खेळ मोजता?"

"सोड ना यार. म्हातारी आहे."

"म्हणून बाहुली तिला? नियम तुमचाच आहे ना?"

नीरजने मान खाजवली. "लेखी दे मग. मी वर देतो."

नीलमने तिथेच उभ्याने लेखी दिलं. तारीख आणि वेळ घालून.

दुसऱ्या दिवशी दारात विमलाबाईंना पास मिळाला नाही. नीलम दोन पावलांवर उभी होती.

"बाहुली त्या पोरीलाच द्या," विमलाबाई नीरजला म्हणाल्या. "मला नुसती बसू द्या. तितक्यापुरती."

"पास स्पर्धावाल्यांनाच असतो, मावशी. तिकीट काढावं लागेल."

त्यांनी दर विचारला. ऐकला. पिशवी काखेत नीट केली आणि सरकत्या जिन्याकडे न जाता साध्या जिन्याने खाली उतरल्या.

नीलमचे अठ्ठावीस खेळ झाले. टाळ्या वाजवायला व्यवस्थापक, नीरज आणि पॉपकॉर्नवाली मुलगी अशी तीन माणसं होती. खोका घेऊन ती रिक्षाने घरी आली.

हाडूताई बावीस पूर्णांक आठ दशांश सेंटिमीटर भरली. बोटांत तार होती, गालावर तो ठसा होता. उजव्या डोळ्यावर धूळ बसली होती, ती नीलमने रुमालाने पुसली. काळा मणी लखलखला, आणि त्यात तिला तिचाच चेहरा दिसला. मागची ट्यूबलाइटही दिसली.

तिचा हात थांबला.

दिव्याचा तो सीन सिनेमा बनवणाऱ्या स्टुडिओच्या इंटरनेटवरच्या पानावर होता. लॅपटॉप उघडून ती एकेक फ्रेम पुढे सरकवत गेली. एकशे अठरा फ्रेम. एकशे सतरांमध्ये हाडूताईच्या डोळ्यात फक्त दिव्याची ज्योत होती. एकीत, ज्योतीशेजारी, वाकलेली एक मुलगी होती. बोटं बाहुलीकडे केलेली. मागे व्हायची राहून गेलेली.

नीलमने चित्र मोठं केलं. मुलीच्या डाव्या भुवईत नखाएवढा पांढरा पट्टा होता.

तिने वही उघडली आणि चौसष्टावी नोंद केली.

मिनिट सत्तेचाळीस. फ्रेम एक, म्हणजे सेकंदाचा चोविसावा भाग. वि., खेळ चोवीस. एकूण एक सेकंद.